नामिबियाचं पुरुमेंत

मे संपत आला की आमच्या डिचोलीच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. पडवीत सुपात सोलं वाळत घातलेली, खोलीत पेपर अंथरून त्यावर सुक्या मिरच्या, कोपऱ्यात मिठाची पिशवी, कांद्याच्या माळा खुंटीवर, आणि सुक्या सुंगटांचा वास तर असा की शेजारच्या गल्लीतलं मांजर मुक्कामाला येतं. आईचं पुरुमेंत चाललेलं असतं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, शब्द पोर्तुगीजांकडून आलाय आणि चर्चच्या फेस्ताला त्याचा बाजार भरतो पण करतात सगळेच. मिरग लागायच्या आत चार महिन्यांचं घरात भरून ठेवायचं. आता खरं तर कोपऱ्यावर सुपरमार्केट आहे, भर जुलैत रात्री दहाला पण सुकट मिळते, मी आईला दरवर्षी हेच सांगतो आणि ती दरवर्षी ऐकल्यासारखं करते.

तर यंदा सोलं वाळत होती आणि नळाला पाणी नव्हतं. चौथा दिवस. कुठंतरी पाइप फुटली होती म्हणे, कुठं ते सांगायला कोणी तयार नव्हतं, एका ऑफिसात फोन केला तर म्हणाले दुसरीकडं करा, दुसरीकडं केला तर म्हणाले संध्याकाळपर्यंत येतं, कुठल्या दिवसाच्या संध्याकाळी ते काही म्हणाले नाहीत. टँकरवाल्याचा फोन सारखा बिझी. विहीर आहे आमची, पण खाणी जोरात होत्या त्या काळात ती एकदा आटली ती मेमध्ये कधी धड झालीच नाही, तळाशी गुडघाभर गढूळ पाणी असतं, भांड्याला चालतं फार तर. आणि हे सगळं कुठं, तर गोव्यात, जिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जिथं जुलैत छत्री वाळायलाच वेळ मिळत नाही.

असं मी कळशी घेऊन अंगणात उभा असताना दादाचा व्हिडिओ कॉल आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. खाणीवर मशीन मेंटेनन्सला होता, २०१२ ला खाणी बंद पडल्या तसा आधी गल्फमध्ये गेला आणि मग फिरत फिरत आफ्रिकेत, नामिबियात. हल्ली विंडहोकला असतो, राजधानी आहे ती, एक्सकेव्हेटरची कामं करतो. मी पाण्याचं रडगाणं सुरू केलं तर त्यानं कॅमेरा फिरवून किचनच्या नळाखाली ग्लास धरला, भरला, आणि माझ्यादेखत गटागटा प्यायला. मग म्हणाला, यातलं थोडं पाणी मागच्या आठवड्यात कोणाच्या तरी संडासात होतं, माहितेय?

आई मागंच उभी होती. "शी शी, कितें उलयता हो!" म्हणून आत गेली आणि पाच मिनिटांनी परत आली, कारण तिला पुढचं ऐकायचं होतं.

तर गोष्ट अशी आहे. विंडहोकला वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जवळ बारमाही नदी नाही, बारमाही नद्या सगळ्या देशाच्या सीमेवर, खाली ऑरेंज, वर कुनेने, ओकावांगो, झांबेझी, आणि ओकावांगो तिथून सातशेएक किलोमीटर. झरे होते ते संपले, बोअर खोल खोल गेल्या. तेव्हा १९६८ मध्ये या गावानं ठरवलं की सांडपाणीच शुद्ध करून परत प्यायचं. नदीत सोडून खालच्या गावानं प्यावं तसं नाही (तसं आपण सगळेच करतो, फक्त बोलत नाही), सरळ प्लांटमधून पाइपात आणि पाइपातून नळात. जगात असं करणारं हे पहिलं शहर. तेव्हा नामिबिया देश म्हणून अस्तित्वातच नव्हता, साउथ आफ्रिकेचं राज्य होतं तिथं, स्वातंत्र्य मिळालं १९९० ला. २००२ मध्ये नवा प्लांट आला, दिवसाला २१ हजार घनमीटर, म्हणजे दोन कोटी दहा लाख लिटर. टँकरच्या भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरचे २१०० टँकर रोज.

मला यातली आवडलेली गोष्ट मेम्ब्रेन-बिम्ब्रेन नाही. ओझोन मारतात, कार्बनमधून गाळतात, मेम्ब्रेनमधून काढतात, क्लोरिन घालतात, एका टप्प्यात सुटलं ते दुसऱ्यात पकडलं जावं म्हणून एकामागं एक अडथळे ठेवलेत, ते सगळं ठीक. पण मुळात त्यांनी कारखान्यांचं सांडपाणी वेगळं काढलं, त्याची लाइन वेगळी, प्लांट वेगळा, पिण्याच्या चक्रात फक्त घरातलं पाणी येतं. ही अक्कल आधी लागते, मशीन नंतर. आणि पाणी ठरलेल्या दर्जाचं नसेल तर ते पुढं जातच नाही, प्लांटमध्येच परत फिरवतात. जे जातं त्यात धरणाचं पाणी मिसळतात, मिसळलेल्यात हे जास्तीत जास्त एक तृतीयांशाच्या जरासं वर.

दुसरी गोष्ट ऐकून तर मी पतसंस्थेचा माणूस म्हणून खूशच झालो. तिथं ऊन असं की धरणात पाणी ठेवलं तर त्यातलं पुष्कळ नुसतं उडून जातं. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी ते धरणाचं पाणी शुद्ध करून बोअरमधून शहराखालच्या खडकात उतरवतात आणि दुष्काळ पडला की उपसतात. खडकात एफडी! सेव्हिंगला ठेवलं तर खर्च होतं हे आमच्या मेंबरांना मी वीस वर्षं सांगतोय.

हो, मी एका पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघतो. आणि म्हणूनच दादानं दुसऱ्या दिवशी मला एक पीडीएफ पाठवली, वर लिहिलं "तुला फायली वाचायची सवय आहे, ही वाच आणि सांग कर्ज देशील का." ती होती नामिबियाची २०२१ ची हवामानाची योजना, पॅरिस करारानंतर प्रत्येक देशानं द्यायची असते ती, आम्ही धूर एवढा कमी करू आणि बदलत्या हवेशी असं जुळवून घेऊ असं लिहून. मी सहसा असलं काही वाचत नाही. पण पाणी नव्हतं, आंघोळ नव्हती, रविवार होता.

आधी देशाची कल्पना यावी म्हणून. क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, गोव्यासारखे दोनशेवीसहून जास्त गोवे बसतील त्यात, आणि माणसं २०२३ च्या जनगणनेत सगळी मिळून तीस लाख. आपल्या दुप्पट फक्त. सरासरी पाऊस पावणेतीनशे मिलिमीटरच्या जवळपास, म्हणजे त्यांचं अख्खं वर्ष आपल्या जुलैच्या एका आठवड्यात. किनाऱ्यावर तर नामिब वाळवंट थेट समुद्राला भिडलेलं, तिथं पाऊस बोटावर मोजावा, धुकं मात्र नेहमीचं. (त्याच किनाऱ्यावर २००८ मध्ये हिऱ्यांच्या खाणीत खोदताना एक पोर्तुगीज जहाज सापडलं, दोन हजारांवर सोन्याची नाणी, तांब्याचे गोळे, हस्तिदंत. १५३३ मध्ये हिंदुस्थानकडं यायला निघालेलं आणि वाटेत बुडालेलं. नाव बहुतेक बॉं जेझुस. जुन्या गोव्याच्या बासिलिकेचं नाव तेच. मला हे कळल्यापासून तो देश उगाच ओळखीचा वाटायला लागलाय.)

फाईल उघडली. पहिलाच आकडा ९१ टक्के. २०३० पर्यंत उत्सर्जन ९१ टक्क्यांनी कमी करणार. २०१५ च्या पहिल्या योजनेत ८९ होता तो २०२१ ला ९१ केला. मी म्हटलं वा, एवढे मार्क तर आमच्या अख्ख्या खानदानात कोणाला पडले नाहीत.

मग बारीक अक्षरं वाचली. हे ९१ टक्के आजच्या धुराच्या मानानं नाहीत. काहीच केलं नाही, जसं चाललंय तसंच चालू राहिलं तर २०३० मध्ये जेवढं उत्सर्जन होईल असा अंदाज आहे, त्याच्या ९१ टक्के कमी. चवथीच्या बाजारात कसं, आधी किंमत चढवून लिहितात मग त्यावर लाल पेनानं काट मारतात, तसं मला पहिल्यांदा वाटलं आणि मी दादाला तसं लिहिलं पण. तो चिडला. म्हणाला अरे या देशाचा जगाच्या धुरातला वाटा हजारात एक पण भरत नाही, हे कसले चोर, आणि गरीब देशानं उद्या चार कारखाने काढायचेच नाहीत का, आजच्या आकड्यावर त्याला बांधून कसं ठेवणार. बरोबर आहे त्याचं. माझ्याकडं पण नवीन रिक्षावाला कर्जाला येतो तेव्हा त्याचं मागच्या वर्षीचं उत्पन्न शून्यच असतं.

त्यापुढं मी फाईल आमच्या पद्धतीनं वाचायला लागलो. कर्जाची फाईल आली की मी प्रोजेक्ट रिपोर्टमधला पाचव्या वर्षाचा नफा बघत नाही, तो सगळ्यांचाच छान असतो, सीए लोकांना तो काढायचेच पैसे मिळतात. मी दोन गोष्टी बघतो. एक, मार्जिन मनी किती, म्हणजे स्वतःच्या खिशातले किती घालतोय. दोन, यानं आत्तापर्यंत काय केलंय.

मार्जिन कमी आहे. योजनेत दोन भाग आहेत, एक आम्ही आमच्या बळावर करू, दुसरा बाहेरून पैसा आणि तंत्रज्ञान मिळालं तरच करू, आणि दुसरा भाग पहिल्याच्या कितीतरी पट मोठा. एकूण खर्च पाच अब्ज डॉलरच्या वर. माझ्या टेबलावर असा मार्जिनवाला माणूस आला तर मी त्याला चहा पाजून मॅनेजरकडं पाठवीन. पण मग वाटलं, इथं उलटा हिशोब पण लागतो ना. दुष्काळ कोणामुळं वाढले, ज्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळला त्यांच्यामुळं, म्हणजे हा माणूस कर्ज मागतोय की नुकसानभरपाई मागतोय? ते फाईलवर लिहिलेलं नसतं.

आणि नुकसान दिसतं. २०१३, २०१६, २०१९, २०२४, एवढ्या वेळा तिथं दुष्काळाची आणीबाणी जाहीर झालीय. चोवीस साली तर सरकारनं ७२३ रानटी जनावरं मारून मांस लोकांना वाटायचं ठरवलं, त्यात ८३ हत्ती. आपल्याकडं ही बातमी आली तेव्हा व्हॉट्सअॅपवर सगळे हळहळले, मी पण रडका इमोजी टाकला होता. दादा म्हणाला, इमोजी ठीक आहे, इथं जवळजवळ निम्म्या लोकांना पुरेसं अन्न मिळत नव्हतं. सरकारचं म्हणणं होतं की पाण्याच्या जागी हत्ती आणि माणसं समोरासमोर यायला लागलीत. मला अजून ते पटलेलं नाही आणि न पटण्याचा मला फारसा अधिकार आहे असंही वाटत नाही.

बरं, आता या फाईलमधला सगळ्यात मजेदार भाग. ९१ टक्क्यांमधला मोठा वाटा कुठून येणार? मी धरून चाललो होतो सोलरमधून. ऊन तर जगातल्या उत्तम उन्हांपैकी आहे त्यांच्याकडं, वीज मात्र निम्म्याहून जास्त बाहेरून येते, मुख्यतः साउथ आफ्रिकेतून, म्हणजे कोळशाचीच, आणि स्वतःचा मोठा प्रकल्प म्हणजे कुनेनेवरचा रुआकाना, ३४७ मेगावॅट, तो चालणार अंगोलात पाऊस पडला तर. म्हणून विजेत नूतनीकरणीय वाटा सत्तर टक्क्यांपर्यंत न्यायचं त्यांनी २०१५ लाच लिहून दिलेलं. पण मोठा वाटा तिथून नाही. मोठा वाटा जमिनीतून, म्हणजे गुरं, कुरणं, जंगल आणि झुडपं.

झुडपं! हे प्रकरण वाचून मी दोन रात्री दादाचं डोकं खाल्लं. तिथं कुरणांवर काटेरी झुडपं माजलीत, बाभळीच्या जातीची वगैरे, आपल्याकडं माणदेशात वेडी बाभूळ माजते तसं, फक्त यांची बहुतेक देशी आहेत, बाहेरून आलेली नाहीत. किती, तर साडेचार कोटी हेक्टर, देशाच्या निम्म्याहून जास्त जमीन, १२० गोवे नुसते काट्यांचे. कारणं पुष्कळ. गुरं जास्त चारली की गवत संपतं आणि काट्याला मोकळं रान मिळतं, पूर्वी वणवे लागायचे ते विझवायला लागले, झुडपं खाणारे हत्ती-गेंडे कमी झाले, आणि हवेतला कार्बन वाढल्याचा पण काट्यांना गवतापेक्षा जास्त फायदा होतो म्हणतात. झुडपं माजली की गवत जातं, गवत गेलं की गुरं खंगतात, आणि मुळं पाणी पितात ते वेगळंच, आधीच जमिनीत मुरणारं पाणी टक्काभर.

म्हणजे तोडायला पाहिजेत ना? तोडतात पण. कोळसा पाडतात, युरोपात बार्बेक्यूला जातो, जळणाच्या विटा दाबतात. आणि इथं आपला एक धागा जुळतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये कुनोत आठ चित्ते आले, विमानाच्या तोंडावर वाघ रंगवलेला, सगळ्या चॅनलवर दिवसभर तेच, ते नामिबियातूनच आले. चित्त्यांवर काम करणारी जी संस्था त्यात होती, तीच तिकडं ही झुडपं तोडून इंधनाच्या विटा बनवते, कारण दाट काट्यांत चित्त्याला पळता येत नाही, शिकार दिसत नाही, डोळ्यांना इजा होते. चित्ता वाचवायला झाड तोडणारे, ऐकायला कसं वाटतं बघा.

पण थांबा. देशाच्या सरकारी हिशोबात नामिबिया धूर सोडतो त्यापेक्षा जास्त कार्बन शोषतो. म्हणजे खात्यावर जमा आहे. आणि ती जमा आहे कशात? झाडोऱ्यात, त्यात ही झुडपं पण आली. म्हणजे झुडपं वाढू दिली तर पुस्तकात जमा वाढते आणि शेतकऱ्याची गाय मरते, झुडपं तोडली तर गाय जगते, पाणी मुरतं, चित्ता पळतो, पण पुस्तकात नावे पडतं. मला ऑडिटमध्ये असली एंट्री आली असती तर मी रजेवर गेलो असतो. गवताची मुळं पण कार्बन धरतात, तोडलेल्याचा कोळसा-वीज केली तर तेवढं खनिज इंधन वाचतं, असे युक्तिवाद आहेत, दादानं स्थानिक शेतकऱ्यांकडून ऐकलेले मला ऐकवले. तरी प्रश्न राहतोच की अॅसेट कशाला म्हणायचं. आमच्याकडं माडांच्या बागेत रान माजलं तर हिरवं दिसतं म्हणून कोणी त्याला बागायत म्हणत नाही.

गुरांचं पण तेच. गुरांच्या ढेकरांतून मिथेन जातो, तिथल्या उत्सर्जनात गुरांचा हिस्सा मोठा, आणि गुरं हीच तिथल्या कित्येक लोकांची एफडी. दुष्काळ आला की सरकार सांगतं वेळेत विका, भाव पडायच्या आत. कोण विकतो? आमच्याकडं सोनं गहाण ठेवणारी बाई नोटीस गेली तरी विकत नाही.

मग हायड्रोजन. दक्षिणेच्या किनाऱ्यावर, ल्युडरित्सजवळ, नॅशनल पार्कच्या जमिनीवर वारा आणि ऊन वापरून समुद्राचं पाणी गोडं करायचं, त्यातून हायड्रोजन काढायचा, त्याचा अमोनिया करून जहाजानं युरोपला. दहा अब्ज डॉलरचा प्रकल्प, जवळजवळ देशाच्या वर्षभराच्या जीडीपीएवढा. इथं माझी पेन्सिल थांबते. गिऱ्हाईक बाहेरचं, भांडवल बाहेरचं, आणि भाव ठरवणारा पण बाहेरचा. आम्ही गोव्यात लोखंडाच्या मातीचं हेच केलं ना, चीननं घेतली तोवर ट्रक, बार्ज, डिचोलीत हप्त्यावर घेतलेले टिपर रांगेनं, आणि बंद पडलं तेव्हा ते टिपर कोणाच्या फायलीत होते? माझ्या. काही अजून रस्त्याकडेला गंजताहेत, त्यांच्यावर घोसाळ्याचे वेल चढलेत.

याच्या उलट एक छोटी गोष्ट मला बरी वाटली. नामिबच्याच वाळवंटात २०२५ मध्ये हायड्रोजन वापरून लोहखनिजापासून लोखंड करायचा प्लांट सुरू झाला, कोळसा न जाळता. दादा तिथं मशीनच्या कामाला एकदा जाऊन आला. म्हणाला, आपली माती नुसती जहाजात भरण्यात आयुष्य गेलं रे, हे बघितल्यावर जरा पोटात तुटलं.

आणि हे सगळं चालू असताना २०२२ मध्ये त्याच देशाच्या समुद्रात मोठं तेल सापडलंय. फाईलमध्ये एकीकडं ९१ टक्के आणि दुसरीकडं तेलकंपन्यांची रांग. मी दादाला विचारलं हे कसं बसवायचं. तो म्हणाला, तुम्ही कोळशाविरुद्ध मोर्चे काढता, आणि घरी आल्यावर एसी कशावर चालतो? मी विषय बदलला.

पाण्याचं भांडण पण आहे बरं का. १९९६ च्या दुष्काळात त्यांनी ओकावांगोतून अडीचशे किलोमीटरच्या आसपास पाइपलाइन टाकून पाणी न्यायचं काढलं होतं. ती नदी अंगोलात उगवते, नामिबियाच्या कडेनं जाते आणि बोत्स्वानात जाऊन वाळूतच पसरते, तिथं तिचा तो प्रसिद्ध त्रिभुज प्रदेश, हत्ती, टुरिस्ट सगळं. बोत्स्वानावाल्यांनी हरकत घेतली. नंतर पाऊस पडला आणि ते बारगळलं. म्हादईवर (आमची नदी, कर्नाटकातून गोव्यात येते) वाढलेल्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही, वरचे म्हणणार थोडंसंच नेतोय, खालचे म्हणणार थोडंसं म्हणजे किती. आपल्या लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं तेव्हापासून कोर्टकचेऱ्या चालूच आहेत. फरक एवढाच दिसतो की त्या तीन देशांनी १९९४ लाच नदीसाठी एक आयोग करून ठेवला होता, भांडण व्हायच्या आधी. आपण आधी भांडलो मग लवाद आणला.

योजनेतला दुसरा भाग, जुळवून घेण्याचा, म्हणजे अडॅप्टेशन, तो वाचताना आई बाजूला मिरच्यांचे देठ मोडत बसली होती. तिला सांगायला मराठीत शब्द शोधत होतो, अनुकूलन म्हटलं तर तिनं असं बघितलं की मी शाळा तपासायला आलोय. शेवटी म्हटलं, पुरुमेंत गे. पाऊस यायच्या आधी करतात ते पुरुमेंत, तसं यांचं दुष्काळ यायच्या आधीचं. ती म्हणाली, मग असं सांग ना.

मग तिनं विचारलं काय काय भरून ठेवतात. वाचून दाखवलं. दुष्काळात टिकणारी पिकं, चाऱ्याची सोय, बोअर, समुद्राचं पाणी गोडं करायचे प्लांट, धोक्याची आगाऊ सूचना. तिला यातलं काहीच खायचं वाटलं नाही. तेव्हा दादाला फोन लावला. तो म्हणाला मावशी, उत्तरेत, जिथं देशातले निम्म्याहून जास्त लोक राहतात, तिथं मुख्य अन्न महांगू, म्हणजे आपली बाजरी गो, तीच. भाकरी नाही करत, पीठ शिजवून घट्ट गोळा करतात. आणि ठेवतात कशात, तर मोपाने नावाच्या झाडाच्या फांद्यांच्या विणलेल्या मोठ्या कणग्यांत, जमिनीपासून उचलून, चांगल्या वर्षाची बाजरी दोन-दोन तीन-तीन वर्षं पुरवतात.

"कणगी!" आई एकदम सरळ बसली. आमच्या जुन्या घरात भाताची कणगी होती, शेणानं सारवलेली, मी लहानपणी त्यात लपायचो आणि अंगाला तूस लागून खाजवत सुटायचो. ती कधी गेली आठवत नाही. बहुतेक फ्रिज आला त्या सुमारास, जागा पाहिजे होती.

दादानं विचारलं, मग काय, देणार का कर्ज? मी म्हटलं ९१ टक्के बघून नाही देणार, मार्जिन बघून तर नाहीच, पण १९६८ बघून फाईल पुढं पाठवीन. जे गाव स्वतःचं सांडपाणी पचवून पन्नास वर्षांहून जास्त प्यायलंय ते हप्ता बुडवायचं नाही. शेरा मात्र मारणार, झुडपांचा खुलासा करावा. तो हसला. म्हणाला, ही साहेबांची भाषा परत ऐकून बरं वाटलं.

आईचं मात्र अजून पाण्यावरच अडलं होतं. सांडपाणी प्यायचं हे तिला काही केल्या जाईना. मी म्हटलं अगं आपल्या न्हाणीचं पाणी कुठं जातं, मागच्या केळीला आणि तेऱ्याला (तेरें म्हणजे अळू), आणि त्याची पातळ भाजी तू चणे घालून करतेस ती आपण बोटं चाटत खातो, ते काय वेगळं? त्यावर ती बराच वेळ गप्प. मला वाटलं पटलं. मग तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि दादाला विचारलं,

"थंय तेरें जाता काय रे?"

नाही होत म्हणाला तो, एवढं पाणी कोण घालणार, इथं बाग भिजवली म्हणून दंड होतो कधीकधी.

"मग न्हाणीचं पाणी?"

ते परत प्लांटला जातं मावशी.

"सगळं?"

बहुतेक सगळं.

आईनं फोन मला परत दिला, देठांचा कागद गोळा केला आणि जाता जाता म्हणाली, आमचं तर गटारात जातं हल्ली, बाथरूम नवीन केल्यापासून, म्हणून तर तेरें वाळलंय ते तुला दिसलं नाही का. मी मागं जाऊन बघितलं. खरंच वाळलं होतं. नवीन टाइल्स बसवताना प्लंबरनं पाइप सरळ खाली काढलेला, मीच सांगितलं होतं, वास येतो म्हणून.

त्या रात्री पावणेतीनला नळ फुसफुसला. आधी हवा, मग लाल पाणी, मग पांढरं. आम्ही दोघांनी मिळून पिंप, दोन टब, कळश्या, प्रेशर कुकर, मिरच्यांसाठी आणलेली बरणी पण भरली.